व्हिसावरचा टिळा

माझ्या टेबलाच्या खणात एका हिंदी वर्तमानपत्राचं कात्रण आहे. त्यात आमचे कुलपती हसताहेत, मागे आठ विद्यार्थी गळ्यात झेंडूच्या माळा घालून उभे आहेत, आणि पुढे नऊवारी नेसलेली, हातात थाळी धरलेली एक बाई कुणाच्या तरी उघड्या पासपोर्टवर बोट टेकवते आहे. ती बाई मी. हे कात्रण फाडून टाकावं असं मला आठवड्यातून एकदा तरी वाटतं. पुढे मी बऱ्याच जणांवर आगपाखड करणार आहे, म्हणून ते बोट माझं होतं हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर म्हणाल, बाई आपलं ठेवते झाकून आणि दुसऱ्याचं पाहते वाकून.

मी झाशीतल्या एका खासगी विद्यापीठात मृदाविज्ञान शिकवते, म्हणजे साध्या भाषेत माती. शिवाय नऊ वर्षं मी विद्यार्थ्यांचे परदेशातले अभ्यासक्रम ठरवले आणि त्यांना घेऊन गेले. ह्या दुसऱ्या कामाला आमच्याकडे सगळे ‘टूर’ म्हणतात. ‘मैडम, इस बार टूर कहाँ का है?’ हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, टूर कसली! जर्मनीतल्या एका लहानशा गावातल्या विद्यापीठाशी मी दोन वर्षं पत्रव्यवहार केला, तेव्हा कुठे त्यांनी आमची आठ मुलं सहा आठवडे प्रयोगशाळेत घ्यायचं कबूल केलं. तिथले गुण इथल्या निकालात धरावेत म्हणून मी परीक्षा विभागाचे उंबरे झिजवले. विमा, खोल्या, आईवडिलांची संमती, कोण अंडं खातं आणि कोण कांदासुद्धा खात नाही, हे सगळं माझ्या एका निळ्या फायलीत. जायच्या आधी महिनाभर मी मुलांना विजेच्या शेगडीवर डाळ शिजवायला शिकवायची, कारण त्यातल्या बहुतेकांनी घरी स्वतःचं ताटसुद्धा उचललेलं नसतं. एकाने मला विचारलं होतं, ‘मैडम, वहाँ बर्तन कौन करता है?’ मी म्हटलं, तू.

माझा राग नाकावर असतो हे मला ठाऊक आहे. नवरा म्हणतो, तुझा राग म्हणजे उतू गेलेलं दूध, क्षणात सगळीकडे, आणि नंतर ओटा पुसायला मी. तो रेल्वेतून निवृत्त झालाय. त्याला ओटा पुसायला वेळ आहे.

त्या वर्षीच्या आठांत चिरगावची एक मुलगी होती. तिच्या वडिलांचं तिथल्या बाजारात खत-बियाण्यांचं दुकान. पहिल्याच वर्षी वर्गात तिने विचारलं होतं, ‘मैडम, पापा हर किसान को एक ही खाद देते हैं. मिट्टी तो सबकी अलग है ना?’ मी पंचवीस वर्षं शिकवते आहे, वर्गात निम्मी मुलं शेतकऱ्यांची असतात, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मग ती सुट्टीत घरी गेली की लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत शेताशेतांतली माती भरून आणायला लागली. बसमधून, मांडीवर घेऊन. आमच्या प्रयोगशाळेतली निम्मी यंत्रं झाकण घालून ठेवलेली, बंद. उरलेल्यांवर ती मातीचे आकडे काढायची आणि एका वहीत लिहायची. जर्मनीतल्या ज्या प्राध्यापक बाईंकडे ती जाणार होती त्यांनी मला लिहिलं होतं, की माती आणायला परवानगी नाही, पण तिची वही तिला नक्की आणू दे, आम्ही दोघी मिळून बघू.

तिचं जाणं सोपं नव्हतं. घरात शब्द चालायचा तो ताऊजींचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. दतियाचं एक स्थळ जवळपास ठरलं होतं आणि शेवटची परीक्षा झाली की लग्न होणार होतं. जायचं तर ह्याच वर्षी, पुढच्या वर्षाची भाषाच नव्हती. म्हणून मी स्वतः चिरगावला गेले. युरियाच्या पोत्यांमध्ये खुर्ची टाकून मला बसवलं, समोसे मागवले. ताऊजींनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मोड़ी हमाई कभऊँ अकेली कहूँ नईं गई. आप संगै जा रईं?’ बुंदेलीत मोड़ी म्हणजे मुलगी.

‘जा रही हूँ.’

‘तो आपई की जिम्मेदारी.’

‘मेरी जिम्मेदारी,’ मी म्हटलं. वडिलांनी नुसता माझ्या बशीत आणखी एक समोसा ठेवला. मुलगी आतल्या दाराशी उभी होती, तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं. परतताना बसमध्ये मला फार बरं वाटत होतं.

आता माझ्या एका नियमाबद्दल. व्हिसे लागून आले की सगळे पासपोर्ट माझ्या ताब्यात. पहिल्या वर्षी एक मुलगा आपला पासपोर्ट टेंपोत विसरला होता, नशिबाने तो परत मिळाला, पण तेव्हा मी कानाला खडा लावला. आठही पासपोर्ट माझ्या घरच्या कपाटात, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. विमानतळावर ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, शिक्का झाला की परत घ्यायचा. मला ह्या नियमाचा अभिमान होता. ‘नौ साल में एक काग़ज़ नहीं खोया,’ असं मी नव्या लोकांना ऐकवायची, न विचारता.

त्या वर्षी आठही व्हिसे लागले आणि कुलपतींना एकाएकी आमची आठवण झाली. महाराष्ट्रात ज्यांना कुलगुरू म्हणतात त्यांना आमच्याकडे कुलपती म्हणतात. दोन वर्षं त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या. माझा एक कागद त्यांच्या टेबलावर गेला की तीन स्मरणपत्रांशिवाय सही होऊन येत नसे. आता मात्र समारोह हवा, हरी झंडी हवी, पत्रकार हवेत. फलक छापला गेला. त्यावर पृथ्वीचा गोल होता आणि त्याच्या दुप्पट आकाराचे कुलपती होते. विद्यार्थ्यांची नावं खाली, मुंगीच्या अक्षरांत.

‘मैडम, आप अपनी मराठी वाली साड़ी में आइएगा,’ त्यांनी फोन करून सांगितलं. ‘और आरती की थाली आपके हाथ से हो. पुराने मराठी घराने का हाथ लगे तो शुभ रहेगा.’

आमचा मूळ पुरुष अडीचशे वर्षांपूर्वी गुरसरायच्या जहागिरीत कारकून म्हणून आला. तेव्हापासून आम्ही इथलेच. घरात मराठी बोलतो, तीही हिंदीचे हात धरून. माझा मुलगा मराठी समजतो आणि उत्तर हिंदीत देतो. वर्षभर विद्यापीठात माझ्या मराठी असण्याचं कुणाला काही नसतं, पण पाहुणे आले, कॅमेरे आले, की मला नऊवारीत गुंडाळून पुढे उभी करतात. ह्याचा मला संताप येतो. आणि खरं सांगायचं तर त्या फोननंतर मी ती नऊवारी इस्त्रीला दिली, नथ शोधून काढली आणि आरशापुढे दोनदा लावून पाहिली. संतापाचा सगळ्यात जास्त भाग हा आहे.

समारोहाच्या सकाळी मी डबा घेऊन गेले. पासपोर्टांची चळत थाळीजवळ ठेवली आणि चिरगावच्या मुलीचा मुद्दाम वर ठेवला. तिच्या घरातलं कुणी कधी दिल्लीच्या पुढे गेलेलं नव्हतं, तिचा पहिला असावा असं मला वाटलं. थाळीत निरांजन, अक्षता, आणि शिपायाने वाटीत कालवलेली रोली, म्हणजे इकडचं कुंकू. पाणी इतकं घातलं होतं, की नुसतं सरबत.

आमच्या घरात नवीन वस्तू आली की तिला आधी कुंकवाचं बोट लागतं. शिवणयंत्र असो, स्कूटर असो, शाळेची पुस्तकं असोत. माझ्या पहिल्या पासपोर्टलाही आईने लावलं होतं, बाहेर, वेष्टनाला, कोरडं, नखाएवढं. म्हणून पासपोर्टला कुंकू ह्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मी वरच्या वेष्टनाला बोट लावणार इतक्यात कुलपती म्हणाले, ‘कवर पर क्या दिखेगा, मैडम? वीज़ा वाला पन्ना खोलिए. बच्ची का फोटो है ना, उसके माथे पर तिलक कीजिए.’

‘सर, अंदर नहीं लगाते,’ मी म्हटलं.

‘अरे मैडम, माथा तो अंदर ही है!’ सगळे हसले. पत्रकार हसले, विद्यार्थी हसले, आणि मीही हसले. चारचौघांत एका मोठ्या माणसाने विनोद केला की हसायचं, हे मला कुणी शिकवलं? कुठल्याही मीटिंगमध्ये टेबलावर हात आपटणारी बाई मी. मी पान उघडलं. व्हिसाच्या चिकटपट्टीवर तिचा फोटो होता, कान दिसतील असे केस मागे बांधलेले, घाबरलेले डोळे. मी ओलं बोट तिच्या कपाळावर टेकवलं.

‘मैडम, एक और,’ छायाचित्रकार म्हणाला. ‘हाथ थोड़ा ऊपर. चेहरा इधर. हाँ, एक और.’ मी तीनदा टेकवलं. तिसऱ्यांदा बोट उचललं तेव्हा कपाळाची छपाई बोटाबरोबर सरकली. मी पटकन पदराने टिपलं, तर ती आणखी पसरली. मी पासपोर्ट मिटला. ‘बस, बाक़ी सबका भी हो गया,’ असं म्हणून मी चळत डब्यात टाकली आणि झाकण लावलं. कुलपतींनी हिरवी झेंडी हलवली. समोर बस नव्हती, गाडी नव्हती, काही नव्हतं. चार दिवसांनी जाणाऱ्या मुलांना त्यांनी सभागृहातल्या सभागृहात झेंडी दाखवली.

घरी येऊन मी पान पुन्हा उघडलं. एक डोळा आणि सगळं कपाळ गुलाबी लगद्यात गेलं होतं. ओघळ खालच्या आकड्यांच्या ओळीपर्यंत आला होता, समोरच्या पानावरही डाग उमटला होता. मी त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हटलं, चालेल. आपल्यात किती गोष्टी ह्या एका शब्दावर ढकलल्या जातात! मला कळत होतं, की चालणार नाही. अजून चार दिवस हातात होते. दूतावासाला लिहिता आलं असतं, मुलीला बोलावून दाखवता आलं असतं. पण मग सांगावं लागलं असतं, की हे मी केलं. नऊ वर्षांत एक कागद न हरवणाऱ्या बाईने. मी डबा कपाटात ठेवला आणि किल्ली फिरवली. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मुलीने मला फोन करून सांगितलं, की चिरगावात तिच्या वडिलांनी दहा प्रती घेतल्या.

दिल्लीला आम्ही आदल्या दिवशी पोचलो. माझ्याबरोबर एक तरुण सहकारी होता, कुलपतींच्या मर्जीतला. वर्षभर एका कागदाला हात न लावता अखेरच्या महिन्यात हा ‘सह-समन्वयक’ झाला होता. आयत्या बिळावर नागोबा. विमान दुपारचं होतं. विमानतळावर मी डब्यातून एकेक पासपोर्ट काढून वाटले. तिला तिचा मिटलेला दिला आणि दुसरीकडे बघितलं.

सात जण पार झाले. तिच्या पाळीला विमान कंपनीच्या खिडकीतल्या मुलीने पान उलटलं आणि ती थांबली. ‘ये क्या लगा है?’

‘रोली है,’ मी पुढे होऊन म्हटलं. ‘पूजा की.’

तिने वरिष्ठाला बोलावलं. त्याने पान उजेडात धरलं, खालची ओळ यंत्राखाली घातली, यंत्राने ती वाचली नाही. तो उर्मट नव्हता, हे कबूल करायला हवं. ‘मैम, फोटो मैच नहीं हो रहा. ऐसा लगता है किसी ने बदलने की कोशिश की है. हम नहीं भेज सकते. वहाँ से इन्हें वापस कर देंगे, और आगे के लिए भी नाम ख़राब होगा.’

मी वाद घातला. आवाज चढवला. पूजेचं काय कळतं तुम्हाला, असंही काहीतरी म्हणाले. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की मुलीने पासपोर्ट परत घेतलाय आणि ती ते पान बघते आहे. पहिल्यांदाच बघते आहे.

‘ये उस दिन का है?’ तिने विचारलं.

‘हाँ.’

‘आपको पता था?’

मी फाईल उघडून तिचे कागद चाळायला लागले. ती ओरडली असती, रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने पान मिटलं, वहीची पिशवी खांद्यावर नीट केली आणि बाजूच्या बाकावर जाऊन बसली.

मी कुलपतींना फोन लावला. ते म्हणाले, ‘अरे, छोटी-सी बात है. उसे घर भेज दीजिए, अगले साल देखेंगे. आप ग्रुप के साथ निकलिए.’ पुढचं वर्ष! त्या मुलीला पुढचं वर्ष नव्हतं हे मी त्यांना ओरडून सांगितलं. सगळा विमानतळ बघत होता. मग मी निळी फाईल नागोबाच्या हातात दिली आणि सातांना त्याच्याबरोबर पाठवलं. फायलीतून मी फक्त तिचे कागद काढून घेतले.

झाशीच्या गाडीत ती खिडकीपाशी बसली होती. मथुरा गेल्यावर मी सगळं सांगितलं. नथीचं सांगितलं, पदराने पुसल्याचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं. ती म्हणाली, ‘मेरे पास होता, तो मैं उसी दिन देख लेती.’ एवढंच म्हणाली. मी माफी मागितली. तिने मान हलवली, म्हणजे हो की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

स्टेशनावर तिचे वडील आले होते. त्यांनी मला नमस्कार केला, आणि तो नमस्कार मला थोबाडीत बसल्यासारखा लागला. घरी ताऊजींनी अपशकुन ठरवला होता. दतियाहूनही फोन येऊन गेला होता, की बरंच झालं. मी वडिलांना म्हटलं, मला तीन आठवडे द्या, मी दुसरा व्हिसा काढते. ते म्हणाले, ‘भैया तो मना कर रहे हैं, पर आप काग़ज़ कर लीजिए.’

दूतावासाला नवा अर्ज हवा होता, आणि सोबत व्हिसा कसा खराब झाला ह्याचं विद्यापीठाचं पत्र. मी मुलीला घेऊन कुलसचिवांकडे गेले. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, त्यामुळे मला त्याची जास्तच चीड येते. त्याने पत्र आधीच टाइप करून ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, की छात्रेच्या असावधानीमुळे वीज़ावर रंग सांडला.

‘एक लाइन की बात है, मैडम. बच्ची साइन कर दे, हम मुहर लगा देंगे.’

‘रंग इसने गिराया?’ मी विचारलं.

‘किसने गिराया, उससे दूतावास को क्या? कुलपति जी का नाम तो नहीं लिख सकते ना.’

चोर सोडून संन्याशाला फाशी! ज्या मुलीला आपल्या पासपोर्टला हात लावायला मिळाला नव्हता तिने तो खराब केला म्हणून सही करायची, आणि ती सही आयुष्यभर दूतावासाच्या कपाटात राहणार. विमानतळावरचा माणूस आधीच म्हणाला होता, बदलायचा प्रयत्न केल्यासारखा दिसतो. पण ती पोरगी पेन शोधत होती. ‘कर देती हूँ, मैडम,’ ती म्हणाली. ‘जाने को तो मिलेगा.’

मी तो कागद कुलसचिवांच्या टेबलावर फाडला. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. ‘लाज’ हा शब्द मराठीत बोलले एवढं आठवतं, कारण ते विचारत होते, क्या कहा? बाहेरचे शिपाई दाराशी आले. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, पांढरी पडलेली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, ‘और अब वीज़ा नहीं मिला तो?’ मी तिच्यासाठी भांडले होते, पण तिला न विचारता. राग ओसरल्यावर मला भीती वाटली. शहाणपणा माझा, आणि डावावर लागली होती ती.

घरी जाऊन मी माझ्या हाताने पत्र लिहिलं. त्यात म्हटलं, की हे मी केलं आहे. अमुक समारंभात, कुलपतींच्या सांगण्यावरून, मी ओल्या कुंकवाचं बोट ह्या व्हिसावर तीनदा टेकवलं. विद्यार्थिनीचा पासपोर्ट माझ्या कुलपात होता, ते डाग पडलेलं पान तिने विमानतळापर्यंत पाहिलेलंही नव्हतं. दोष माझा आणि माझ्या विद्यापीठाचा आहे. नवऱ्याने वाचलं आणि विचारलं, ‘अगं, पण तुझ्या नुसत्या शब्दावर ते विश्वास का ठेवतील?’ मग त्यालाच आठवलं. रद्दीचा गठ्ठा उपसून त्याने ते वर्तमानपत्र काढलं. कुलपती, झेंडूच्या माळा, थाळी, उघडा पासपोर्ट आणि त्यावर माझं बोट. फोटोत सगळं लख्ख आलं होतं. ज्या फोटोसाठी हा सगळा घोळ झाला तोच आमचा साक्षीदार. मी त्याची प्रत पत्राला जोडली. जर्मनीतल्या बाईंनीही लिहून दिलं, की तिची जागा राखून ठेवली आहे, कधीही येऊ दे.

पत्राची एक प्रत मी कुलसचिवांना पाठवली. लपून काही करायचं नव्हतं. चार दिवसांत आदेश आला. माझा ‘कार्यभार हलका’ करण्यात येत आहे, परदेशी अभ्यासक्रमांचं काम आता सह-समन्वयक बघतील. नऊ वर्षांचं काम, एक ओळ. आदेश वाचून मी छावणीच्या रस्त्याने तासभर चालत राहिले. तो रस्ता शांत असतो, मोठ्याने बोललं तरी कुणी बघत नाही. मी मोठ्याने बोलले.

व्हिसा तिसऱ्या आठवड्यात आला. पासपोर्ट थेट चिरगावच्या पत्त्यावर गेला. मीच अर्जात तसं लिहिलं होतं. मी चिरगावला गेले तेव्हा ताऊजी त्याच पोत्यांपाशी बसले होते. ह्या खेपेला समोसे नव्हते. मी सांगितलं, की मला काढलं आहे, मी बरोबर जाऊ शकत नाही. तिथे उतरवून घ्यायला प्राध्यापक बाई येतील, पण तिला जावं लागेल एकटीने, आणि सहापैकी साडेतीन आठवडेच हातात आहेत.

‘तो बात खतम,’ ताऊजी म्हणाले. ‘बात जा भई ती कै आप संगै जैहैं.’

त्यांचं खरं होतं. शब्द मीच दिला होता. तेव्हा मुलगी आतल्या दारातून बाहेर आली, पोत्यांच्या ह्या बाजूला. ‘ताऊजी,’ ती म्हणाली, ‘मैडम साथ थीं, तब भी तो मैं नहीं जा पाई.’

माझे कान तापले. मला वाटलं, ओरडावं, तुझ्यासाठी मी काय काय घालवलं ते सांगावं. जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं, कारण ती एक अक्षर खोटं बोलली नव्हती. वडिलांनी गल्ल्यावरून उठून दुकानातलं फडताळ बंद केलं आणि भावाला म्हणाले, ‘दिल्ली तक मैं छोड़ आऊँगा.’ मी त्यांच्या तोंडून मोठ्या भावापुढे ऐकलेलं ते पहिलंच वाक्य.

दोन दिवसांनी झाशीच्या फलाटावर मी त्यांना सोडायला गेले. सकाळची वेळ, चहावाले, कुलींची घाई. तिच्या खांद्याला तीच वहीची पिशवी होती. मी सूचना देत होते, विमानतळावर काय म्हणायचं, विम्याचा कागद कुठे ठेवायचा, डाळीत पाणी किती. आणि बोलता बोलता, नऊ वर्षांच्या सवयीने, मी हात पुढे केला. ‘लाओ, पासपोर्ट दो. एक बार देख लूँ.’

तिचा हात कुडत्यावर गेला. गळ्यातली कापडी पिशवी तिने आत घातली होती.

‘नहीं, मैडम,’ ती म्हणाली. ‘मेरे पास रहने दीजिए.’

मला राग आला. खोटं कशाला सांगू, भयंकर राग आला. वडीलही चपापले, म्हणाले, ‘अरे बेटा, मैडम हैं.’ ती हलली नाही. मग तिने पिशवी बाहेर काढली, पासपोर्ट उघडला आणि दोन्ही हातांनी घट्ट धरून माझ्या डोळ्यांसमोर आणला, एक हात अंतरावर.

‘देख लीजिए,’ ती म्हणाली.

मी माझे दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि वाकून पाहिलं. नवा फोटो होता. केस मागे बांधलेले, कपाळ स्वच्छ. मी नाव वाचलं, तारखा वाचल्या, खालची आकड्यांची ओळ शेवटपर्यंत वाचली.

‘ठीक है?’ तिने विचारलं.

‘ठीक है,’ मी म्हटलं, आणि तिने तो मिटून परत गळ्यात ठेवला.